ब्रेक्झिटनंतरचं पार्सल: कस्टमचं बिल का येतं, किती येतं आणि ऑर्डर देण्याआधी काय बघावं

ऑनलाइन ऑर्डर दिली, पैसे कार्डावरून गेले, आठ दिवसांनी पोस्टमन आला. पण हातात पार्सल नाही, एक कार्ड. त्यावर लिहिलेलं : अमुक इतके पौंड भरा, मग वस्तू मिळेल. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या हजारो घरांनी हा अनुभव घेतला. फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्समधून वर्षानुवर्षं बिनदिक्कत सामान मागवणाऱ्यांना पहिल्यांदाच दारात कर मागितला गेला. अनेकांना आधी ही फसवणूकच वाटली. काहींनी चिडून पार्सल परत पाठवलं.

सीमाभागातल्या, गोव्यातल्या आणि महाराष्ट्राबाहेरच्या अनेक मराठी घरांतली मुलं-मुली आज लंडन, डब्लिन, म्युनिक, ॲमस्टरडॅमला आहेत. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेली गोव्याची कुटुंबं इंग्लंडमधल्या स्विंडनसारख्या शहरांत स्थिरावली आहेत. त्यामुळे हा विषय दूरचा असला तरी परका नाही. हे बिल म्हणजे दंड नव्हे आणि बहुतेक वेळा चूकही नव्हे. मात्र ते आधी कळू शकतं, आणि कळलं की बऱ्याचदा कमी करता येतं किंवा टाळता येतं.

नेमकं काय बदललं?

ब्रिटनमध्ये २३ जून २०१६ रोजी सार्वमत झालं. ३१ जानेवारी २०२० रोजी देश युरोपीय महासंघातून बाहेर पडला. पण त्या वर्षअखेरपर्यंत जुनेच व्यापारी नियम चालू राहिले. खरी सीमा उभी राहिली १ जानेवारी २०२१ पासून.

आपल्याकडच्या उदाहरणाने हे पटकन समजतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात आणि प्रवेश कर गेले, अनेक राज्यांनी विक्रीकराचे तपासणी नाके बंद केले. बेळगावचा माल कोल्हापूरला जाताना करासाठी वाटेत थांबायचं कारण उरलं नाही. ब्रिटन आणि युरोपात नेमकं उलट झालं. आधी नाका नव्हता, तो नव्याने बसला. लिस्बनहून लंडनला येणारी वस्तू पूर्वी एकाच बाजारातला माल होती, आता ती आयात झाली. आयात म्हटली की कागद आले, कर आला, आणि ते काम करून देणाऱ्याची मजुरीही आली.

त्याच दिवशी ब्रिटनने आणखी एक सवलत काढली. तोपर्यंत महासंघाबाहेरून येणाऱ्या १५ पौंडांपर्यंतच्या वस्तूंवर व्हॅट लागत नसे. १ जानेवारी २०२१ पासून ती सूट संपली. युरोपीय महासंघानेही आपली २२ युरोंची अशीच सूट १ जुलै २०२१ पासून बंद केली. म्हणजे स्वस्त वस्तूही करातून सुटेनाशी झाली.

बिलात तीन गोष्टी असतात

दारात येणाऱ्या बिलात साधारण तीन रकमा असतात. त्या वेगवेगळ्या ओळखता आल्या की अर्धा गोंधळ संपतो.

पहिली, कस्टम ड्यूटी म्हणजे सीमाशुल्क. हे वस्तूच्या प्रकारावर आणि ती कुठे बनली यावर ठरतं. ब्रिटनमध्ये बहुतेक तयार कपड्यांवर १२ टक्के, चामड्याच्या बुटांवर ८ टक्के असा दर आहे. छापील पुस्तकांवर तो शून्य आहे.

दुसरी, आयात व्हॅट. व्हॅट म्हणजे आपल्या जीएसटीचाच भाऊ. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण दर २० टक्के. तो फक्त वस्तूच्या किमतीवर नाही, तर किंमत, वाहतूक खर्च आणि ड्यूटी या सगळ्यांच्या बेरजेवर लागतो. म्हणजे करावरही कर.

तिसरी, हँडलिंग फी. सरकारला द्यायचा कर पोस्ट किंवा कुरियर कंपनी आधी भरते, कागदपत्रं करते आणि त्याचे पैसे ग्राहकाकडून घेते. २०२१ मध्ये रॉयल मेलची ही फी ८ पौंड होती, पार्सलफोर्सची १२ पौंडांपासून पुढे. खासगी कुरियरची याहून जास्त असू शकते. लोकांचा सर्वात जास्त राग याच रकमेवर असतो, कारण कर ५ पौंड असला तरी फी ८ पौंड बसते.

१३५ पौंडांची रेषा

ब्रिटनमध्ये सगळा हिशेब १३५ पौंड या आकड्याभोवती फिरतो. हा आकडा वस्तूंच्या किमतीचा आहे. वाहतूक आणि विमा वेगळा दाखवला असेल तर तो यात धरत नाहीत.

पार्सलमधल्या मालाची एकूण किंमत १३५ पौंड किंवा त्याहून कमी असेल तर कस्टम ड्यूटी नाही. व्हॅट आहे, पण तो दारात घ्यायचा नसून विक्रेत्याने किंवा ज्या ऑनलाइन बाजारातून खरेदी झाली त्याने विकतानाच घ्यायचा आणि ब्रिटनच्या महसूल खात्याकडे म्हणजे एचएमआरसीकडे भरायचा. अशा खरेदीवर नियमाप्रमाणे दारात काहीच द्यावं लागू नये.

अडचण अशी झाली की यासाठी परदेशी दुकानदाराला ब्रिटनमध्ये व्हॅट नोंदणी करावी लागते. मोठ्या कंपन्यांनी ती केली. छोट्या दुकानदारांना ते परवडेना. सायकलचे सुटे भाग विकणाऱ्या ‘डच बाइक बिट्स’ या नेदरलँड्समधल्या दुकानाने जगभर माल पाठवणं चालू ठेवलं, पण ब्रिटनला नकार दिला. त्याची बातमी तेव्हा बरीच गाजली होती.

किंमत १३५ पौंडांच्या वर गेली की पद्धत बदलते. तिथे ड्यूटी आणि व्हॅट दोन्ही सीमेवर आकारले जातात आणि हँडलिंग फीसह बिल ग्राहकाच्या दारात येतं. मद्य आणि तंबाखूला १३५ पौंडांची ही सोय लागू नाही. पोर्तुगालहून आलेल्या वाइनच्या एका बाटलीवरही अबकारी कर लागतो.

‘शून्य टक्के’ करार असूनही ड्यूटी कशी?

सर्वात मोठा गैरसमज इथे आहे. २४ डिसेंबर २०२० रोजी ब्रिटन आणि युरोपीय महासंघात व्यापार करार ठरला. त्यात ड्यूटी शून्य असं जाहीर झालं. लोकांनी अर्थ काढला की युरोपातून मागवलेल्या कशावरच काही लागणार नाही.

करार मात्र वस्तू कुठून निघाली ते विचारत नाही, ती कुठे बनली ते विचारतो. शून्य ड्यूटी फक्त ब्रिटन किंवा महासंघातल्या देशांत बनलेल्या मालाला आहे. जर्मनीतल्या दुकानातून चिनी बनावटीचे बूट मागवले तर ते ‘जर्मन’ होत नाहीत. आणि व्हॅटचा या कराराशी संबंधच नाही, तो दोन्ही प्रकारात लागतो.

एक हिशेब पाहू. समजा लंडनमधल्या कुणी जर्मनीतून चामड्याचे बूट मागवले. किंमत जर्मन व्हॅट वगळून २०० पौंड, पोस्टेज १५ पौंड.

बूट चीनमध्ये बनलेले असतील तर: २१५ पौंडांवर ८ टक्के ड्यूटी म्हणजे १७.२० पौंड. मग २३२.२० पौंडांवर २० टक्के व्हॅट म्हणजे ४६.४४ पौंड. वर १२ पौंड हँडलिंग फी. एकूण जादा ७५.६४ पौंड.

तेच बूट पोर्तुगालमध्ये बनलेले असतील आणि विक्रेत्याने इनव्हॉइसवर तसं उगमाचं निवेदन दिलं असेल तर: ड्यूटी शून्य, २१५ पौंडांवर व्हॅट ४३ पौंड, फी १२ पौंड. एकूण ५५ पौंड.

म्हणजे ‘शून्य टक्के’ असूनही २०० पौंडांच्या बुटांवर ५५ पौंड वर द्यावे लागतातच. वस्तू कुठे बनली यामुळे फरक पडतो तो वीसेक पौंडांचा.

आणखी एक बाब दुकानदाराच्या बिलात तपासायची असते. जर्मनीत व्हॅट १९ टक्के आहे. महासंघाबाहेर जाणाऱ्या मालावर तो लावायची गरज नसते. पण दुकानाने तो काढला नाही, तर २०० पौंडांच्या छापील किमतीत सुमारे ३२ पौंड जर्मन कराचे असतात आणि त्यावर पुन्हा ब्रिटनचा व्हॅट बसतो. दुहेरी कर इथे लागतो, आणि त्याचा परतावा दुकानदाराकडेच मागावा लागतो, कस्टमकडे नाही.

आयर्लंड आणि युरोपातल्यांची गोष्ट उलटी

डब्लिनमध्ये राहणाऱ्यांना ब्रिटिश दुकानांची सवय. भाषा तीच, दुकानं तीच, पार्सल दोन दिवसांत. १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंडहून आलेलं पार्सल त्यांच्यासाठीही परदेशी झालं. आयर्लंडचा सर्वसाधारण व्हॅट २३ टक्के. ६० युरोंची वस्तू आणि १० युरो पोस्टेज असेल तर १६.१० युरो व्हॅट आणि त्यावर पोस्टाची किंवा कुरियरची फी.

महासंघात रेषा १५० युरोंची आहे. त्याखालच्या खरेदीसाठी जुलै २०२१ पासून आयओएसएस नावाची पद्धत आली. विक्रेता तिथे नोंदलेला असेल तर व्हॅट ऑर्डर देतानाच घेतो आणि पार्सल थेट घरी येतं. विक्रेत्याने आपला आयओएसएस नंबर पोस्टाच्या माहितीत नीट पाठवला नाही, तर भरलेला व्हॅट दारात पुन्हा मागितला जातो. अशा वेळी खरेदीची पावती हाच पुरावा. त्यावर व्हॅट वेगळा दाखवलेला असला पाहिजे.

‘कुठे बनलं’ हा प्रश्न इथेही आडवा आला. मार्क्स अँड स्पेन्सरच्या ‘पर्सी पिग’ या गोळ्या ब्रिटनमध्ये घराघरांत माहीत. पण त्या बनत होत्या जर्मनीत. जर्मनीहून ब्रिटनला आणि तिथून आयर्लंडला निघाल्या की त्यांच्यावर कर लागू शकतो, हे जानेवारी २०२१ मध्ये कंपनीच्या प्रमुखांनीच सांगितलं. महासंघात बनलेली गोळी महासंघातच परत येताना आयात ठरली!

उत्तर आयर्लंडचा मामला वेगळा आहे. तो ब्रिटनचा भाग असला तरी मालाच्या बाबतीत बरेचसे महासंघाचे नियम तिथे चालतात. तिथल्या पत्त्यावर पार्सल पाठवताना विक्रेत्याला ‘युके’ नव्हे, तर ‘नॉर्दर्न आयर्लंड’ असं स्पष्ट सांगितलेलं बरं.

गावाकडून जाणारं पार्सल

भारतातून ब्रिटनला जाणाऱ्या पार्सलवर ब्रेक्झिटआधीही कस्टम होतंच. पण आता तपासणी आणि इलेक्ट्रॉनिक नोंदी वाढल्या आहेत, त्यामुळे ‘पूर्वी कधी काही लागलं नाही’ हा अनुभव आता कामाचा नाही.

व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेली भेट ३९ पौंडांपर्यंत असेल तर ब्रिटनमध्ये व्हॅट नाही. रुपयांत ही रक्कम दराप्रमाणे चार-साडेचार हजारांच्या आसपास जाते. महासंघातल्या देशांत ही मर्यादा ४५ युरो. मर्यादा ओलांडली की फक्त वरच्या रकमेवर नाही, पूर्ण किमतीवर व्हॅट लागतो. उदाहरणार्थ ६० पौंडांच्या साडीवर १२ पौंड व्हॅट आणि ८ पौंड फी, म्हणजे २० पौंड मुलीला दारात भरावे लागतात. आईने हौसेने पाठवलेली भेट मुलीलाच महागात पडते.

इथे एक नियम फारसा कुणाला माहीत नसतो. एका खोक्यात घरातल्या वेगवेगळ्या माणसांसाठी भेटी असतील, प्रत्येक भेट वेगळी बांधलेली असेल आणि कस्टमच्या फॉर्मवर प्रत्येकीची किंमत वेगळी लिहिली असेल, तर ब्रिटनमध्ये ३९ पौंडांची सूट प्रत्येक भेटीला मिळते. मुलगा, सून आणि नातवंडं यांच्यासाठी एकच खोकं जाणार असेल तर ‘गिफ्ट’ एवढंच लिहून सगळी किंमत एका ओळीत टाकू नये.

सूट मिळायला भेट खासगी माणसाने पाठवलेली हवी. इथे बसून ऑनलाइन दुकानातून थेट लंडनच्या पत्त्यावर पाठवलेली वस्तू भेट धरली जात नाही, कारण पाठवणारं दुकान असतं. फराळ किंवा मसाले विकणाऱ्या व्यावसायिकांनाही हे लागू आहे. आपल्या वेबसाइटवरून ब्रिटनमधल्या ग्राहकाला परस्पर १३५ पौंडांपर्यंतचा माल विकला तर तिथली व्हॅट नोंदणी आणि विक्रीच्या वेळी व्हॅट ही जबाबदारी त्यांच्यावर येते. पार्सलवर ‘गिफ्ट’ असा शिक्का मारून ती टळत नाही.

किंमत मुद्दाम कमी लिहिण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो धोक्याचा आहे. खोटी नोंद सापडली तर पार्सल जप्त होऊ शकतं. आणि वाटेत हरवलं तर भरपाई लिहिलेल्या किमतीवरच मागता येते.

खाण्याच्या वस्तूंचा प्रश्न कराच्याही पुढचा आहे. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनला किंवा महासंघात वैयक्तिक वापरासाठीही पाठवता येत नाहीत. म्हणजे बेळगावचा कुंदा, पेढे, खव्याची मिठाई बाद. गोव्याची चोरीसही बाद. पोर्तुगालहून चोरीसो किंवा चीज घेऊन ब्रिटनला जाणं पूर्वी सोपं होतं. १२ एप्रिल २०२५ पासून लाळ्या-खुरकुत रोगाच्या धास्तीने महासंघातून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानातूनही हे पदार्थ आणायला ग्रेट ब्रिटनने बंदी घातली. उलट दिशेलाही तेच: जानेवारी २०२१ मध्ये ब्रिटनहून आलेल्या ट्रकचालकांच्या डब्यातली हॅम सँडविचं नेदरलँड्सच्या अधिकाऱ्यांनी काढून घेतली होती.

पुस्तकांची बाजू मात्र चांगली आहे. छापील पुस्तकांवर ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये व्हॅटचा दर शून्य आहे. मराठी पुस्तकं पाठवताना ती साडी, दागिन्यांच्या खोक्यात न घालता वेगळी पाठवली आणि फॉर्मवर ‘छापील पुस्तकं’ असं स्पष्ट लिहिलं तर त्रास कमी होतो.

तिकडून इकडे पाठवणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं. डिसेंबर २०१९ पासून भारतात पोस्टाने किंवा कुरियरने ‘भेट’ म्हणून आलेल्या वस्तूंना करमाफी नाही. अपवाद फक्त राखी आणि जीवरक्षक औषधांचा. राखीसोबत पाठवलेली भेटवस्तू त्या अपवादात बसत नाही.

बिल चुकीचं वाटलं तर

आधी पार्सलवरचा कस्टमचा फॉर्म बघावा. टपालाने आलेल्या पार्सलवर सीएन२२ किंवा सीएन२३ असा फॉर्म चिकटवलेला असतो. त्यावर वस्तूचं वर्णन, किंमत आणि ती भेट आहे की विक्रीचा माल हे लिहिलेलं असतं. निम्म्या चुका तिथेच सापडतात: चलन चुकीचं, भेटीऐवजी ‘विक्री’ खूण, किंवा जुन्या वस्तूला नव्याची किंमत.

ब्रिटनमध्ये रॉयल मेल किंवा पार्सलफोर्सने आणलेल्या पार्सलवर जास्त कर लागला असं वाटलं तर बीओआर२८६ हा फॉर्म भरतात. कुरियरने आणलं असेल तर सी२८५. वस्तू पसंत पडली नाही म्हणून परत पाठवली तरी भरलेला कर मागता येतो, पण परत पाठवल्याची पावती आणि मूळ कराचं बिल जपून ठेवलेलं हवं. हँडलिंग फी मात्र कर नव्हे, त्यामुळे ती सरकारकडून परत मिळत नाही.

पैसे भरायला मुदत असते. रॉयल मेल साधारण तीन आठवडे पार्सल ठेवते, मग ते पाठवणाऱ्याकडे परत जातं. भांडण असेल तरी ती मुदत चुकवू नये.

या गोंधळाचा फायदा भामट्यांनी लगेच घेतला. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये रॉयल मेलच्या नावाने ‘२.९९ पौंड बाकी आहेत, इथे भरा’ असे मेसेज लाखो फोनवर गेले. लिंक उघडून कार्डाचा नंबर दिला की खातं साफ. लक्षात ठेवायचं ते इतकंच: मेसेजमधली लिंक उघडायची नाही, कार्डावरचा किंवा ऑर्डरमधला पार्सल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः टाकून बघायचा.

पुढे नियम आणखी कडक

छोट्या पार्सलवरची उरलेली सूटही आता जाण्याच्या मार्गावर आहे. १५० युरोंखालच्या पार्सलमधल्या वस्तूंवर १ जुलै २०२६ पासून ३ युरो ड्यूटी लावायचं महासंघाच्या अर्थमंत्र्यांनी डिसेंबर २०२५ मध्ये ठरवलं. ब्रिटननेही १३५ पौंडांखालची ड्यूटीमाफी मार्च २०२९ पर्यंत काढण्याची घोषणा नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात केली. भारत-ब्रिटन व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. पण असे करार ड्यूटीपुरते असतात. व्हॅट आणि हँडलिंग फी त्यांनी जात नाही.

ऑर्डर देण्याआधी पाच प्रश्न

१. माल कोणत्या देशातून निघणार? वेबसाइटच्या शेवटी ‘युके’ असलं म्हणून माल तिथूनच येतो असं नाही.

२. वस्तू कुठे बनली आहे? ड्यूटी त्यावर ठरते.

३. दाखवलेल्या किमतीत कोणत्या देशाचा कर धरला आहे? विक्रेत्याचा की घेणाऱ्याचा?

४. पार्सल ‘डीडीपी’ आहे का? म्हणजे ड्यूटी आणि कर विक्रेत्याने भरलेले. ‘डीएपी’ लिहिलं असेल तर ते ग्राहकाने भरायचे.

५. परत पाठवायची वेळ आली तर खर्च कुणाचा, आणि भरलेला कर कोण परत देणार?

या पाचांची उत्तरं विक्रेत्याच्या वेबसाइटवर सापडली नाहीत तर त्याला लेखी विचारावं आणि उत्तर जपून ठेवावं. उत्तरच आलं नाही, तर ती वस्तू स्वस्त दिसत असली तरी तिची खरी किंमत दारात आल्यावरच कळणार, हे धरून चालावं.